ध्वजदिनाचा डबा ते सीएसआरचा चेक: मुंबईत माजी सैनिकांसाठी पैसा कसा उभा राहत गेला

डिसेंबर आला की शाळेत, ऑफिसात सशस्त्र सेना ध्वजदिनाचा एक छोटासा कागदी झेंडा हातात पडतो, लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे, सोबत टाचणी, आणि पाठोपाठ डबा. माणसं दहा-वीस रुपये टाकतात, झेंडा खिशाला लावतात, विषय संपला. इकडे भांडुप, घाटकोपर, कांदिवलीकडे माजी सैनिकांच्या छोट्या छोट्या संघटना चालवणारी मंडळी डोकं धरून बसतात, कारण पुढच्या महिन्यात ते वर्गणी मागायला गेले की हमखास ऐकू येतं, "अहो दिले की डिसेंबरात!" आता ते डिसेंबरातले पैसे सरकारी निधीत गेलेले असतात आणि या संघटनांच्या खात्यात त्यातला एक रुपयाही थेट येत नाही, पण हे दारात उभं राहून कुणाकुणाला समजावणार.

ही गल्लत आजची नाही. तिची सुरुवात पहिल्या महायुद्धात सापडते, आणि तीही मुंबईतच.

मेसोपोटेमियाची (आत्ताचा इराक) मोहीम चालली ती मुख्यतः मुंबई बंदरातून. इथून पलटणी जायच्या आणि जखमी घेऊन जहाजं इथेच परत यायची. तिथल्या कुत गावच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, १९१६ च्या एप्रिलमध्ये कुत पडलं. जखमींचा लोंढा इतका की काळा घोड्याजवळची प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची नवीकोरी इमारत (आत्ताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) म्युझियम म्हणून उघडायच्या आधी लष्करी हॉस्पिटल म्हणून वापरली गेली. हातपाय गमावलेल्या या शिपायांचं पुढे काय, हा प्रश्न आला तेव्हा गव्हर्नरची बायको लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये मुंबईत अपंग सैनिकांना कामधंदा शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था निघाली. पुढे ती पुण्याला खडकीला हलली आणि आजही तिथे चालू आहे, शंभर वर्षं उलटून गेली. पैसा कुठून आला तर युद्धमदत निधीतून, म्हणजे गव्हर्नरच्या घरून शब्द आला की शेटजी, संस्थानिक, व्यापारी आकडे टाकणार. देणाऱ्याला मानमरातब मिळायचा, शिपायाला आधार मिळायचा, आणि कुणाला किती द्यायचं ते वर बसलेली माणसं ठरवायची, ही पद्धत तेव्हाच रुजली असं माझं मत आहे.

खलाशांचं तर कुणाच्या लक्षातही नसतं. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होमच्या आवारात दोन्ही महायुद्धांत समुद्रात बळी गेलेल्या खलाशांच्या नावांचं स्मारक आहे, त्यात कोकणातली माणसं भरपूर. मुंबईकर रोज बाजूने लोकलने जातात.

१९१९ मध्ये सरकारने माजी सैनिकांच्या कल्याणासाठी इंडियन सोल्जर्स बोर्ड काढलं आणि खाली जिल्ह्याजिल्ह्यांत सोल्जर्स बोर्डं आली. हेच १९७५ पासून केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडे पुण्याला सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याला जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, मुंबई शहराचा वेगळा, उपनगरचा वेगळा. स्वातंत्र्याआधी पैसे गोळा करायचा दिवस ११ नोव्हेंबर (पहिलं महायुद्ध थांबल्याचा दिवस), तेव्हा कागदी पॉपीची फुलं विकायचे आणि त्या पैशाचं काय करायचं ते इंग्रजच ठरवायचे. मग २८ ऑगस्ट १९४९ ला संरक्षणमंत्री बलदेव सिंग यांच्या वेळी समितीने ७ डिसेंबर हा दिवस ठरवला, फुलाच्या जागी झेंडा आला, तीन दलांचे तीन रंग. १९९३ मध्ये संरक्षण खात्याने वेगवेगळे कल्याण निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी असा एकच केला. महाराष्ट्रात कलेक्टर ऑफिसला दरवर्षी टार्गेट येतं, कलेक्टर ते खात्याखात्यांत वाटतात, म्हणून सरकारी ऑफिसात हा डबा जरा जास्तच जोरात फिरतो.

आता दुसरी बाजू, जी कागदपत्रांत फार दिसत नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, फौजेत भरती होणारी गावं हीच आणि गिरणीत येणारी गावंही हीच. एक भाऊ पलटणीत, दुसरा परळला. गिरणगावात गावाची खोली असायची, गावाचं मंडळ असायचं, महिन्याची वर्गणी, आजारपण आलं, मयत झालं की त्यातून मदत. फौजेतून सुटून मुंबईत आलेला माणूस गिरणीत वॉचमन लागायचा, नाहीतर गोदीत, बँकेच्या दारात बंदूक घेऊन, आणि त्याची पहिली "संघटना" हे गावचं मंडळच असायचं. आज उपनगरात ज्या माजी सैनिक संघटना दिसतात त्यांचं अंग बघा, अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, पावतीपुस्तक, वर्षातून एक मेळावा, जाहिराती घेऊन काढलेली स्मरणिका, हे सगळं चाळीतल्या मंडळाचं आहे, लष्कराचं नाही.

या मंडळांना कायद्यात बसवलं ते १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने. मुंबई राज्याचा हा कायदा, नाव आता महाराष्ट्राचं झालंय, कारभार धर्मादाय आयुक्तांकडे, ऑफिस वरळीला. बहुतेक संघटना १८६० च्या सोसायटी कायद्याखालीही नोंदलेल्या असतात म्हणून लेटरहेडवर दोन दोन रजिस्ट्रेशन नंबर दिसतात, त्यातला एफ ने सुरू होणारा विश्वस्त कायद्याखालचा. विश्वस्त बदलला की तो बदल आयुक्तांना कळवणारा चेंज रिपोर्ट भरायचा. आणि इथेच छोट्या संघटना मार खातात, कारण जुना खजिनदार गावी गेला किंवा वारला, चेंज रिपोर्ट कुणी भरलाच नाही, दहा वर्षांनी बँक विचारते सही कुणाची आणि आयुक्तांच्या रेकॉर्डला नावं मेलेल्या माणसांची. गणपतीच्या वर्गणीला जी कलम ४१ सी ची परवानगी काढतात ती धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या, पण विश्वस्त नोंदणी नसलेल्या सगळ्यांनाच लागू आहे, हे तर बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

बरं, एवढी पेन्शन असताना मदतीची गरज कुणाला? हा प्रश्न अगदी शिकलेली माणसंही विचारतात. दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांच्या आसपास माणसं फौजेत होती, युद्ध संपलं आणि त्यातली बहुसंख्य थोडेफार पैसे हातावर देऊन घरी पाठवली गेली. पुढेही शिपायाची १५ वर्षं सर्व्हिस भरली नाही तर पेन्शन नाही, मग चौदा वर्षं सीमेवर काढलेली का असेनात. १९६२ नंतर घाईघाईने घेतलेले इमर्जन्सी कमिशनचे ऑफिसरसुद्धा काही वर्षांनी बिनपेन्शनचे मोकळे झाले. अशी म्हातारी माणसं आणि त्यांच्या विधवा, हे या संघटनांचं खरं काम, आणि दुर्दैवाने पोस्टरवर छापायला यात काहीच नाही.

कारण पैसा येतो तो लढाईत. १९६२ ला राष्ट्रीय संरक्षण निधी निघाला तेव्हा बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. १९९९ ला कारगिल, टीव्हीवर पाहिलेलं आपलं पहिलं युद्ध, तेव्हाही सोसायट्यासोसायट्यांतून चेक गेले. आणि त्याच कारगिलच्या नावाने मुंबईत या क्षेत्राला सगळ्यात मोठा बट्टाही लागला. कुलाब्याची ३१ मजली आदर्श सोसायटी, कारगिलच्या वीरांसाठी म्हणून चर्चेत आलेली, फ्लॅट मिळाले अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांच्या नातेवाइकांना, २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाणांना खुर्ची सोडावी लागली. नंतर चौकशी आयोगाने सांगितलं की जमीन राज्य सरकारची होती आणि कारगिलवाल्यांसाठी राखीव नव्हतीच. पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच की सैनिकांच्या नावावर कुणीतरी खाल्लं. याची किंमत ज्या संघटनांचा आदर्शशी काडीचा संबंध नव्हता त्यांनीही मोजली, ऑडिट दाखवा, फोटो दाखवा, कुणाला दिलं त्याचं नाव दाखवा. तसं बघितलं तर मागणी चूक नाही.

कंपनी कायदा २०१३ चा, सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून, ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. कोणकोणत्या कामांवर ते सांगणाऱ्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले लोक हे स्पष्ट लिहिलंय. मुंबईत तर कंपन्यांची हेड ऑफिसं ढिगाने, म्हणजे सोन्याची खाणच वाटावी. पण चेक मिळवायला तीन वर्षांच्या कामाचा रेकॉर्ड हवा, २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म (कंपनी खात्याकडची नोंदणी) हवा, आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणाऱ्याला सूट) नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या, ज्या आधी एकदा मिळाल्या की कायमच्या होत्या, त्या आता ठराविक वर्षांनी नव्याने, आणि प्रत्येक देणगीदाराचं नाव-पॅन ऑनलाइन भरा. दोन हजारांवर कॅश दिली तर देणाऱ्याला सूटच नाही. निवृत्त सुभेदार साहेबांना हे सगळं करायला सीए लागतो, सीएला फी लागते, आणि त्या फीसाठी देणगी कुणी देत नाही. वर ध्वजदिन निधीलाही सीएसआर चालतं, त्यामुळे कंपनीला सरळ सरकारी खात्यात टाकून मोकळं होणं सोपं.

संघटनेचा खर्च बघितला तर धान्य-औषधांपेक्षा जास्त जातो तो माणसाच्या वेळात. एक नेहमीचं उदाहरण घ्या, नवरा वारला, बाई कौटुंबिक पेन्शनला गेली, नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळालेलं) तिचं नाव लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी, जन्मतारीख तर तिसरीच. मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, रेकॉर्ड ऑफिसला पत्र (मराठा पलटणीचं असेल तर बेळगावला), तिकडून पार्ट टू ऑर्डर (नोंद बदलल्याचा लष्करी आदेश), मग पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर दुरुस्ती, आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला म्हातारीचे अंगठ्याचे ठसेच मशिनवर उमटत नाहीत. हे करायला कुणीतरी रोज बसावं लागतं, खोलीचं भाडं आणि लाइटबिल भरून.

सरकारी मदत वाढली नाही असं नाही. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना ध्वजदिन निधीतून महिन्याला ४००० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२५ पासून ८००० झाले, मुलीच्या लग्नाची मदत ५० हजारांवरून एक लाख. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर ऑनलाइन, पुढे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून शिफारस. पंच्याऐंशीच्या आजीला लॉगिन, ओटीपी आणि स्कॅन केलेलं डिस्चार्ज बुक ही तिन्ही जमवून देणारा माणूस बहुतेक वेळा संघटनेच्या त्या खोलीतलाच असतो.