वॅट वाढले, ऐकू मात्र येईना : बास ॲम्प आणि बासवाल्यांचे कान

स्टेजवरच्या बासवाल्याची, म्हणजे खर्जाची बास गिटार वाजवणाऱ्याची, तक्रार पिढ्यानपिढ्या एकच आहे : माझं वाजवणं मलाच ऐकू येत नाही. ॲम्प (आवाज वाढवणारं यंत्र), कॅबिनेट (स्पीकरची पेटी), मॉनिटर (वादकाला त्याचंच वाजवणं ऐकवणारा स्पीकर), इअरप्लग या सगळ्यांचा इतिहास या तक्रारीभोवती फिरतो. पहिली चाळीसेक वर्षं तिच्यावर इलाज एकच होता, आणखी वॅट. तो फारसा लागू पडला नाही आणि त्याचं मोल कानांना द्यावं लागलं.

अडचणीचं मूळ खर्जातच आहे. बासची सर्वांत जाड ई तार ४१.२ हर्ट्झला बोलते. पाच तारांच्या बासवरची खालची बी तार तर ३०.९ हर्ट्झला. ई तारेच्या एका लहरीची लांबी सुमारे ८.३ मीटर भरते, म्हणजे पुष्कळशा स्टेजच्या रुंदीहून जास्त. त्यात माणसाचा कान या पट्टीत मंद. १९३३ साली बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी निरनिराळ्या कंप्रतांचे सूर सारखेच मोठे वाटायला किती जोर लागतो ते मोजून त्याचे वक्र काढले. पुढे सुधारलेल्या वक्रांनुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ४० हर्ट्झच्या सुराला ८० डेसिबलहून अधिक जोर लागतो. भर म्हणून वॅटचं गणितही विरोधात जातं. ताकद दुप्पट केली तर पातळी ३ डेसिबलने वाढते, आणि आवाज कानाला साधारण दुप्पट वाटायचा तर ताकद दहापट करावी लागते.

इलेक्ट्रिक बासच्या आधी डबल बास (उभा धरून वाजवायचं व्हायोलिनच्या घाटाचं मोठं वाद्य) ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यं आणि ड्रमच्या मागे बुडून जायचा. सिॲटलचे पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात ऑडिओव्हॉक्स या नावाने फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला, आडवा धरून वाजवायचा इलेक्ट्रिक बास काढला, पण तो फार थोडा विकला गेला. १९४० च्या दशकात एव्हरेट हल यांनी डबल बास ज्या दांडीवर उभा राहतो तिच्यातच मायक्रोफोन बसवला. त्या ‘ॲम्प्लिफाइड पेग’वरून ॲम्पेग हे नाव आलं. मग १९५१ मध्ये लिओ फेंडर यांचा ३४ इंची स्केलचा (तारेच्या वाजत्या भागाची लांबी) प्रिसिजन बास आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीचा बासमन ॲम्प, एका १५ इंची स्पीकरचा, २६ वॅटच्या आसपासचा.

बासमनची पुढची कथा बारकाईने बघण्याजोगी आहे. १९५० च्या दशकाच्या मध्याला फेंडरने त्यात चार १० इंची स्पीकर घातले आणि पाठ उघडी ठेवली. उघड्या पाठीत स्पीकरच्या कोनच्या, म्हणजे हवा हलवणाऱ्या पडद्याच्या, पुढची आणि मागची हवा एकमेकींना खोडते. सर्वांत आधी खर्ज जातो आणि मागे अडवणारी बंदिस्त हवा नसल्याने कोन नुसता फडफडतो. बासवाल्यांच्या पदरी निराशा आली, पण गिटारवाल्यांनी हाच ॲम्प उचलला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच्या सर्किटवरून जेटीएम४५ तयार झाला. बाससाठी बनलेल्या ॲम्पची संतती गिटारच्या हाती गेली, आणि त्या गिटारच्या आवाजाला पुरं पडण्यासाठी बासला पुन्हा वॅटच्या मागे धावावं लागलं.

याच काळात एक शहाणी वाट दिसली होती. १९६० साली ॲम्पेगमध्ये जेस ऑलिव्हर यांनी बी-१५ पोर्टाफ्लेक्स बनवला : २५ वॅट, एक १५ इंची स्पीकर, बंद पाठीची पेटी आणि खर्जासाठी मोजून ठेवलेलं तोंड, म्हणजे हवेचं भोक. काम झालं की ॲम्पचा भाग उलटून पेटीतच जायचा. डेट्रॉइटला मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या बासवादक जेम्स जेमर्सन यांच्या नावाशी हा ॲम्प कायमचा जोडला गेला. ड्रम आटोपशीर वाजत होते, खोल्या लहान होत्या, तोवर एवढी ताकद पुरेशी होती. ॲम्पेगच्या हल यांना कर्कश, फाटलेला आवाज मुळीच पसंत नव्हता आणि रॉककडे त्यांचा ओढा नव्हता. काळ मात्र रॉकचा येत होता.

१९६५ च्या सुमाराला मार्शल यांनी ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडसाठी १०० वॅटचे ॲम्प केले. बासवादक जॉन एंटविसल आणि गिटारवादक पीट टाउनशेंड यांची एकमेकांवर चढ चालली होती. दशक संपताना अकूस्टिक कंपनीचा ३६० आला : २०० वॅट, १८ इंची स्पीकर, घडी घातल्यासारखं लाकडी कर्ण्याचं कॅबिनेट. लांबवर आवाज फेकण्यात तो अव्वल होता. पण वाजवणाऱ्यांचा अनुभव असा की दहा-बारा मीटरवरचा श्रोता दणाणत असतो आणि कॅबिनेटच्या पुढ्यात उभ्या बासवाल्याला काही पोहोचत नाही. तो आवाज वाढवतो आणि सगळ्या हॉलच्या कानठळ्या बसतात.

१९६९ चा ॲम्पेग एसव्हीटी हा या वाटेचा कळस. १४ व्हॅक्यूम ट्यूब, ३०० वॅट, नुसतं हेडच (स्पीकर सोडून ॲम्पचा भाग) ३८ किलोंच्या आसपास, आणि आठ-आठ १० इंची स्पीकरांची बंद कॅबिनेटं. त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सनी ते वापरले. कंपनीने ॲम्पवर एक पट्टी लावली होती : हा ॲम्प कानांना कायमची इजा करू शकेल एवढा ध्वनिदाब निर्माण करू शकतो. बासवाल्याच्या सामानावरची धोक्याची ही सूचना आजही वाचण्यासारखी आहे. आता गणित लावून पाहा. २६ वॅटवरून ३०० वॅट म्हणजे सुमारे १०.६ डेसिबल, स्पीकर तेच ठेवले तर कानाला साधारण दुप्पट. बाकीचा फरक पाडला तो स्पीकरांच्या संख्येने, हलवल्या जाणाऱ्या हवेने.

हे आधीच ओळखलं होतं ते हिशेबाने पेट्या बांधणाऱ्यांनी. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात, स्पीकरच्या मोजमापांवरून पेटीचं आकारमान आणि तोंड कसं ठरवायचं ते मांडलं. आज छोट्या कॅबिनेटमधून भरदार खर्ज निघतो तो या कामामुळे. हलके निओडिमियम चुंबक १९८० च्या दशकात आले, पुढे वीज फार कमी वाया घालवणारे क्लास-डी ॲम्प आले आणि दोन-तीन किलोंच्या हेडमध्ये शेकडो वॅट मावू लागले. पाठीला आराम मिळाला. कानांना नाही.

१९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने ‘वॉल ऑफ साउंड’ ही स्पीकरांची भिंत उभी केली. तीत बासवादक फिल लेश यांच्या बासच्या चारही तारांचा आवाज वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकत असे. स्पीकरांची भिंत बँडच्या पाठीशी होती, म्हणजे श्रोत्यांना जे ऐकू येई तेच वादकांनाही. कल्पना सुंदर होती, खर्च आणि वाहतूक मात्र पेलवली नाही. दोन वर्षांनी, ३१ मे १९७६ रोजी, लंडनच्या चार्ल्टन मैदानावर ‘द हू’चा आवाज गिनीजच्या नोंदीत १२६ डेसिबल म्हणून गेला. गिनीजने पुढे हा विक्रम नोंदवणंच बंद केलं, कारण त्यासाठी लोकांनी कान गमवावेत असं त्यांना वाटत नव्हतं. एंटविसल यांची श्रवणशक्ती पुढे बरीच खालावली.

एवढ्या वॅटनंतरही ऐकू का येत नाही? उत्तर जागेत आहे. चार १० इंचींचं कॅबिनेट जमिनीवर ठेवलं तर त्याचा माथा साधारण ६० सेंटिमीटरवर येतो, कान दीड मीटरवर असतात. १० इंची स्पीकर १३०० हर्ट्झच्या वर आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ फेकतो, आणि शेजारी शेजारी दोन ठेवले की झोत आणखी खालपासून अरुंद होतो. म्हणजे तारेचा ठसका आणि बोटांची धार बासवाल्याच्या गुडघ्यांना मिळते, कानांना फक्त गुरगुर. तो ट्रेबल (उंच सूर) वाढवतो, मग पुढच्या रांगेला टोचतं. कॅबिनेट खुर्चीएवढ्या उंचीवर चढवा किंवा मागे कलतं करा. आवाजाचं बटण हलवायची गरज बहुतेकदा उरत नाही.

दुसरी चूक पाठीमागच्या भिंतीची. कॅबिनेटची पुढची बाजू भिंतीपासून एक मीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारी लहर सुमारे ८६ हर्ट्झला उलटी होऊन येते आणि सरळ लहरीला खाते. ई तारेचा दुसरा स्वरांश (मूळ सुराच्या दुप्पट कंप्रतेचा) ८२ हर्ट्झला आहे, आणि खालचे सूर आपल्याला प्रत्यक्षात ऐकू येतात ते बहुतांशी या स्वरांशांमुळे. त्या सुराची जागाच पोकळ होते. उपाय म्हणजे कॅबिनेट भिंतीला टेकवणं, नाहीतर चांगलं लांब आणणं. मधली जागा सर्वांत वाईट. सोबत ३० ते ४० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने कापून टाकावं. तिथे कोन खूप हलतो, ताकद खातो आणि ऐकू जवळजवळ काहीच येत नाही.

कानांच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे ती बासवाल्याची उभं राहण्याची जागा. ताल जुळावा म्हणून तो परंपरेने हाय-हॅटच्या (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला उभा राहतो. ड्रमर उजव्या हाताचा असेल तर त्याच्या डावीकडे, म्हणजे श्रोत्यांकडे तोंड केलेल्या बासवाल्याच्या उजव्या कानाशी हाय-हॅट आणि क्रॅश ही मोठी झांज येतात. कानाच्या नळीचा स्वतःचा घुमारा ३००० हर्ट्झच्या आसपास असल्याने गोंगाटाची इजा आधी ३००० ते ६००० हर्ट्झमध्ये, विशेषतः ४००० ला उमटते. झांजांचा जोर नेमका तिथे. बासवाल्याचे कान बासने कमी आणि शेजारच्या झांजांनी जास्त जातात. खर्ज ऐकू यावा म्हणून त्याने ॲम्प वाढवला की ड्रमर आणखी जोराने मारतो आणि ही किंमत पुन्हा त्याच उजव्या कानाकडून वसूल होते.

कान झाकायची साधनं बास ॲम्पहूनही जुनी आहेत. माक्स नेगव्हेर यांनी बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मेण आणि कापसाचे ओहरोपॅक्स हे प्लग काढले. चिमटीत वळून दाबायचा पिवळा फोम प्लग १९७० च्या दशकात बाजारात आला, त्यामागे रॉस गार्डनर यांचं १९६७ पासूनचं काम होतं. फोम उंच सूर खालच्यांपेक्षा जास्त कापतो. त्यात बंद नळीतून तिचा नैसर्गिक घुमाराही जातो, म्हणून सगळं घोंगडीखालून ऐकू आल्यासारखं वाटतं आणि वादक प्लग काढून खिशात टाकतो. मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्चने १९८८ मध्ये ईआर-१५ आणला. त्यात नळीचा घुमारा राखून सर्व पट्टीत सारखेच १५ डेसिबल कमी होतात. संगीतकारासाठी बनलेला प्लग तो हाच.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत रॉकवाल्यांना कान जपायला सांगणारी ‘हिअर’ ही संस्था उभी राहिली, आणि तिच्या मागे एक बासवादकच होती. ‘द कॉन्ट्रॅक्शन्स’ बँडच्या कॅथी पेक यांना १९८४ मध्ये ओकलंडला डुरान डुरान या बँडच्या आधी वाजवल्यानंतर कानांचा त्रास सुरू झाला. त्यांनी डॉ. फ्लॅश गॉर्डन यांच्यासोबत संस्था काढली, टाउनशेंड यांनी तिला आर्थिक मदत दिली. रॉकवाल्यांनी कानांबद्दल उघड बोलण्याला यातून बळ मिळालं.

प्लग नीट बसला नाही तर बासवाल्याला त्याची फसगत चटकन कळत नाही. फटीतून आधी खर्ज शिरतो, उंच सूर अडतात. बास गडगडतो, धार हरवते आणि तो ॲम्पवर ट्रेबल लावतो. फोम बारीक वळा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. उथळ बसवलेल्या प्लगमुळे स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, वाजवता वाजवता साथीला गाणाऱ्याला तो असह्य होतो. प्लग खोल, नळीच्या हाडाच्या भागापर्यंत गेला की घुमणं कमी होतं. साचा घेऊन बनवलेल्या प्लगसाठी तोंड उघडं ठेवून साचा घ्यायला सांगा, कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो.

१९९५ मध्ये जेरी हार्वी यांनी ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानात बसणारे मॉनिटर बनवले, त्यातून अल्टिमेट इअर्स उभी राहिली. ॲम्प लांब करायची, किंवा डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीतून) बास सरळ मिक्सरला द्यायची मुभा बासवाल्याला यामुळे मिळाली. छातीवरचा धक्का जातो, म्हणून काही जण पायाखाली कंपन देणारी फळी ठेवतात. तो खरा उपयोगी जोड आहे. पण दोन धोके कायम आहेत. सील सुटला की सर्वांत आधी खर्ज नाहीसा होतो आणि हात बटणाकडे जातो. आणि गर्दी ऐकू यावी म्हणून एकच मॉनिटर काढला तर उघडा कान झांजांकडे उघडाच राहतो, झाकलेल्याला मात्र पातळी वाढवून दिली जाते. एक कान काढणं हे दोन्हीही न घालण्याहून फारसं बरं नाही.

कायदे कारखान्यांतून आले. अमेरिकेतली कामगार सुरक्षा यंत्रणा ओशा ९० डेसिबल-ए ला (कानाप्रमाणे खर्ज कमी धरणाऱ्या मापाला) ८ तास देते आणि दर ५ डेसिबलला वेळ अर्धा करते. तिथल्याच नायोश या संशोधन संस्थेची १९९८ ची शिफारस ८५ ला ८ तास, दर ३ डेसिबलला अर्धा. क्रॅशशेजारच्या १०५ डेसिबल-ए ला ओशाच्या हिशेबाने एक तास मिळतो, नायोशच्या हिशेबाने पाच मिनिटांहूनही कमी. १५ डेसिबलचा प्लग नीट बसला तर पातळी ९० वर येते आणि तोच नायोशचा हिशेब अडीच तास देतो. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने ८० आणि ८५ या पातळ्यांवर मालकावर जबाबदारी टाकली, संगीत क्षेत्राला २००८ पर्यंत मुदत दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मानकात श्रोत्यांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल-ए ची सीमा आहे.

ही मोजणी श्रोत्यांच्या जागेची. बासवाल्याच्या जागेची मोजायची तर ड्रम पूर्ण जोराने वाजत असताना मीटर उजव्या कानाच्या उंचीवर धरून किमान १५ मिनिटांची सरासरी घ्यावी, आधी ए वर, मग खर्ज जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या सी वर. ए मापन ४० हर्ट्झला जवळपास ३५ डेसिबल कमी दाखवतं, म्हणून दोन आकड्यांतलं अंतर मोठं असेल तर बास किती आहे ते कळतं. प्लग कोणता घालायचा ते ठरवायला मात्र ए चा आकडा घ्यावा.