शिंतो देवप्रतिमा

जपानच्या शिंतो धर्मातील देवतांची, म्हणजे ‘कामीं’ची, शिल्पे व चित्रे. आरंभी कामीला मूर्ती नव्हती. डोंगर, धबधबा, खडक, जुनाट वृक्ष अशा ठिकाणी त्याचा वास मानत. नारा प्रांतातील ओमिवा देवस्थानात आजही गाभारा नाही; मागचा मिवा पर्वत हाच देव. इतरत्र गाभाऱ्यात बहुधा आरसा, तलवार किंवा मणी असतो. इसे येथे सूर्यदेवी आमातेरासूचा आरसा भक्तांना कधीच दाखवत नाहीत. मंदिर मात्र दर २० वर्षांनी नवे बांधतात.

सहाव्या शतकात कोरियातून बौद्ध धर्म आला, त्याच्याबरोबर मूर्तिपूजाही आली. पुढे कामींच्याही मूर्ती घडू लागल्या. बुद्धमूर्तीसारख्या ठरीव मुद्रा आणि लक्षणे त्यांच्यासाठी नव्हती, म्हणून शिल्पकारांनी त्यांना दरबारी पोशाख चढवला. क्योतोच्या मात्सुनोओ देवस्थानातील नवव्या शतकातल्या लाकडी मूर्ती अशाच आहेत : बैठ्या, भारदस्त, चेहऱ्यावर प्रसन्नतेपेक्षा जरबच अधिक. त्याही दर्शनासाठी नव्हत्या, दाराआड असत.

बुद्ध-बोधिसत्त्व हे मूळ आणि कामी त्यांचे जपानी अवतार, असा विचार मध्ययुगात रुजला. त्यातून कासुगा देवस्थानाची चित्रे आली. त्यांत पांढऱ्या हरणाच्या खोगिरावर साकाकी या पवित्र वृक्षाची फांदी उभी असते आणि तिच्यावर तेजोमंडल. काही चित्रांत त्या मंडलात बुद्धरूपे दिसतात. देव स्वतः कुठेच नाही, आणि चित्राची खरी ताकद त्यातच आहे.

भारतातून चीनमार्गे आलेल्या देवतांना असा संकोच नव्हता. सरस्वती तेथे वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य वाजवणारी बेन्झाइतेन झाली. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानातील तिची १२६६ची मूर्ती तर विवस्त्र कोरलेली असून तिला खरी वस्त्रे नेसवत. गणपतीचे रूप कांगितेन. गजमुखी जोडप्याच्या आलिंगनातील ही मूर्ती मात्र कडेकोट झाकलेली. तोक्योच्या आसाकुसा भागातील त्याच्या मंदिरात नैवेद्याला मुळा वाहतात.

शिल्पकार काइकेइने १२०१मध्ये घडवलेली हाचिमानची मूर्ती या सरमिसळीचा उत्तम नमुना होय. युद्धदेव असूनही तो येथे मुंडन केलेला भिक्षू आहे. शतकानुशतके बंद राहिल्याने रंग अजून टवटवीत आहेत. १८६८मध्ये मेइजी सरकारने शिंतो व बौद्ध धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला आणि ही मूर्ती नारातील तामुकेयामा हाचिमान देवस्थानातून शेजारच्या तोदाइजी या बौद्ध मंदिराकडे गेली. दरवर्षी ५ ऑक्टोबरला तिचे दर्शन खुले असते.