महागडी लॅन केबल टाकल्याने इंटरनेटचा वेग वाढत नाही

घरात वायरिंग करायला निघालं की कोणीतरी सांगतंच, "कॅट-७ केबल टाका, नेट पळेल." ('कॅट' म्हणजे केबलची श्रेणी; आकडा मोठा तशी केबल भारी.) ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी लोकांचे पैसे वाया जातात.

साधी कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, वेग पेलते. तुमचा प्लॅन १०० किंवा ३०० एमबीपीएसचा असेल, तर केबल कितीही भारी घ्या, त्यापलीकडे वेग जाणार नाही. १५ मीटरऐवजी ३० मीटर केबल लागली म्हणून नेट मंदावतं, हेही खरं नाही.

मग ३००च्या प्लॅनवर वायर लावूनही काहींना ९४-९५च का मिळतं? खरी गोम इथे आहे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच लागतात, गिगाबिटला चारही. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना, उरलेल्या जोड्यांतली एखादी तार नीट बसली नाही, की जोडणी अनेकदा गुपचूप १००वर उतरते. राउटरचं किंवा जुन्या नेटवर्क स्विचचं (एका केबलच्या अनेक जोडण्या करणाऱ्या डबीचं) पोर्टच १००चं असेल तरी तेच. म्हणून नवी केबल आणण्याआधी संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड', म्हणजे केबलवरच्या जोडणीचा वेग, १०० आहे की १००० ते बघा.

पैसे घालायचेच तर शुद्ध तांब्याच्या केबलवर घाला. 'सीसीए' म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती तार लवकर तुटते, आणि त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज दिली तर जास्त तापते. भिंतीत कायमची टाकायची असेल तर मी कॅट-६ सुचवेन. साधारण ५५ मीटरपर्यंत ती १० गिगाबिटही पेलते.