हॅमर ड्रिल

हॅमर ड्रिल : वीट, दगड, काँक्रीट अशा ठिसूळ पदार्थांत भोक पाडण्यासाठी फिरता फिरता ठोकेही देणारे, विजेवर चालणारे हातयंत्र. सुताराचे गिरमीट लाकूड कापत आत जाते. काँक्रीट तसे कापले जात नाही. ते आधी ठोक्याने फोडावे लागते आणि झालेला भुगा बाहेर काढावा लागतो. फोडण्याचे काम बिटाचे (यंत्रात बसवायच्या पिळाच्या दांड्याचे) कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे टोक करते, भुगा बाहेर आणण्याचे काम त्याच्या अंगावरचे पीळ. बोलण्यात ‘ड्रिल मशीन’ हे नाव साध्या आणि ठोक्याच्या दोन्ही यंत्रांना लावतात. प्रस्तुत नोंद वायरवर चालणाऱ्या यंत्रांपुरती आहे.

यंत्रणा : हॅमर ड्रिल या एकाच नावाखाली दोन भिन्न यंत्रणा वावरतात. पहिलीत दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. एकीचे दाते दुसरीवरून घसरताना चक, म्हणजे बिट धरून ठेवणारा भाग, किंचित पुढेमागे होतो. दाते १६ आणि मिनिटाला २,८०० फेरे असतील, तर ठोके ४४,८०० पडतात. ठोका मात्र बारीक असतो, आणि हाताने रेटल्याशिवाय चकत्या एकमेकींना भिडतच नाहीत. घरोघरी दिसणारे, १३ मिमी. चकाचे, ६०० वॉटच्या आसपासचे यंत्र या जातीचे. दुसऱ्या, विद्युत्-वायवीय यंत्रणेत मोटर एक दट्ट्या पुढेमागे हलवते. दट्ट्या आणि त्याच्यापुढचा सुटा हातोडा यांच्यामध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी काम करते आणि हातोडा बिटाच्या मागच्या टोकावर आदळतो. येथे ठोके मिनिटाला ४,००० ते ५,००० एवढेच. पण मध्यम आकाराच्या यंत्रात प्रत्येक ठोक्याची ऊर्जा २ ते ३ जूल असते. याला रोटरी हॅमर म्हणणे अधिक काटेकोर. पहिल्या यंत्रावर अंगाचा भार द्यावा लागतो, दुसरे नुसते टेकवून धरायचे असते. त्याला रेटल्याने हात तेवढा दुखतो.

इतिहास : मेलबर्न येथे आर्थर जेम्स आर्नोट व विल्यम ब्लँच ब्रेन यांनी २० ऑगस्ट १८८९ रोजी विद्युत् ड्रिलचे एकस्व (पेटंट) घेतले; ते एका जागी बसवायचे यंत्र होते. हातात धरण्याजोगे ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टच्या ‘फाइन’ या कंपनीच्या कारखान्यात तयार झाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका ही आजची ठेवण ब्लॅक अँड डेकर यांच्या १९१७ साली मंजूर झालेल्या एकस्वापासून रूढ झाली.

ठोक्याचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. फाइन यांचे विद्युत्-वायवीय यंत्रणेचे एकस्व १९१४ चे सांगितले जाते. बॉश या जर्मन कंपनीने आपला ‘बॉश-हॅमर’ १९३२ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. अमेरिकेतील मिलवॉकी कंपनी १९३५ पासून वजनाला हलके हॅमर ड्रिल विकत असल्याचे सांगते. ते चकत्यांच्या जातीचे होते. हे दावे एकमेकांना छेद देतात असे वाटते ते दोन यंत्रणा एकाच नावाने मोजल्यामुळे. वायवीय यंत्रणेपुरते पाहिल्यास कल्पनेचे श्रेय फाइनला व प्रसाराचे बॉशला देणे सयुक्तिक वाटते.

रोटरी हॅमरचे बिट ज्या एसडीएस चकात बसते तो १९७५ च्या सुमाराचा. या आद्याक्षरांचा मूळ विस्तार जर्मन ‘श्टेक-ड्रे-झिट्स’, म्हणजे ‘घाल, फिरव, बसले’, असा असावा. ‘स्पेशल डायरेक्ट सिस्टिम’ हा इंग्रजी विस्तार नंतर जुळवलेला दिसतो. एसडीएस-प्लस बिटाचा दांडा १० मिमी. जाडीचा असून त्यावर दोन उघड्या व दोन बंद खाचा असतात. या खाचांमुळे बिट चकात पुढेमागे सरकते, म्हणून ठोका चकात विरत नाही.

स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालायच्या गिट्टीचा (प्लगचा) इतिहास ड्रिलपासून वेगळा काढता येत नाही. लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी १९११ मध्ये तागाच्या तंतूंची गिट्टी काढली. इलेक्ट्रिशियनांच्या तोंडी असलेला ‘रावलप्लग’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. नायलॉनची गिट्टी आर्टुर फिशर यांची, १९५८ ची.

वापर : भिंत कशाची आहे हे भुग्यावरून कळते. तांबडा भुगा विटेचा, करडा व कडक काँक्रीटचा, पांढरट व मऊ बहुधा प्लास्टर किंवा सिपोरेक्सचा (सच्छिद्र, हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा). सिपोरेक्समध्ये ठोका बंदच ठेवावा, नाहीतर भोक मोठे होऊन गिट्टी आत गरगरते. टाइलवर चिकटपट्टी लावून ठोक्याविना सुरुवात करावी आणि टाइल पार झाल्यावरच ठोका चालू करावा. महाराष्ट्रातील काँक्रीटमध्ये काळ्या पाषाणाची खडी असते. बिट खडीच्या तुकड्यावर आले की बाजूला सरकू पाहते. तेथे जोर न वाढवता वेग कमी करून भोक सरळ रेषेत आणावे. बिट एकाएकी पुढे सरकेनासे झाले आणि भुग्यात चमक दिसली, तर सळई लागली असे समजून जागा बदलावी. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये, कारण भिंतीतल्या वायरी सहसा त्याच रेषेत नेलेल्या असतात. भोक किती खोल हवे याची खूण म्हणून बिटाला पट्टी गुंडाळतात. दर एक-दोन सेंटिमीटरला बिट फिरते ठेवूनच बाहेर काढून भुगा सांडू देतात.

सुरक्षितता : बिट अडकले की यंत्रच फिरू लागते आणि मनगट पिळवटते. म्हणून बाजूची मूठ लावून दोन्ही हातांनी धरावे आणि शिडीवर असताना खटका दाबलेलाच ठेवणारे कुलूप लावू नये. बिट बदलण्यापूर्वी प्लग काढावा. चकाची चावी चकातच राहिली तर पहिल्याच फेऱ्यात ती उडते. ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि कापडी हातमोजे फिरत्या बिटात सापडतात. यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ते दुहेरी आवरणाचे असते आणि त्याच्या दोन पिनांच्या प्लगला अर्थिंग लागत नाही. तरीही ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीवरच ते चालवावे. एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडावी; गुंडाळलेली वायर तापते.

आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जात असल्याने कानांना संरक्षण लागते. काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो. अमेरिकेत २०१६ च्या नियमाने तिची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम ठरवली. रुमाल ती अडवत नाही, एन-९५ दर्जाचा मास्क हवा. कंपनांमुळे बोटे पांढरी पडण्याचा विकार ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियानातील दगडफोड्या कामगारांत नोंदवला. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी हाताला बसणाऱ्या कंपनांची २.५ मी./से.² ही उपाय सुरू करण्याची व ५ मी./से.² ही कमाल पातळी आहे.

देखभाल : मोटरच्या मागच्या फटींतून दिसणारी बारीक ठिणगी नेहमीची असते, ती वाढली, यंत्र अडखळू लागले किंवा जळका वास आला की कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजले असे समजावे. कार्बन जोडीनेच बदलतात. एसडीएस दांड्याला ग्रीसचा हलका थर लागतो, तीन जबड्यांच्या चकाला नाही.