साल, तूस आणि पऱ्हाटी : टाकाऊतून रसायन काढण्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरी चपलेचे कातडे कमावण्याची जुनी पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सालीतून द्रव्य काढणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवून टांगायचे, त्यात बाभळीच्या सालीचे आणि हिरड्याचे पाणी भरायचे आणि कातड्यातून झिरपून खालच्या भांड्यात साचलेले तेच तांबूस पाणी पुन्हा पुन्हा वरून ओतायचे, असा हा क्रम दिवसच्या दिवस चालतो. सालीतले टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरते आणि कातडे कुजायचे थांबते. हे रसायनशास्त्र कातडे कमावणाऱ्याच्या हाताला शास्त्राच्या पुस्तकांच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

युरोपात हेच काम ओकच्या सालीवर चाले. साल अवजड आणि तिच्यातले टॅनिन थोडे, म्हणून चर्मालयाला सालीचे ढीगच्या ढीग लागत. 1803 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी लंडनमध्ये निरनिराळ्या तुरट वनस्पतींची तपासणी केली. त्यांत मुंबईहून आणि बंगालमधून आलेला कातही होता. एक पौंड कात सात-आठ पौंड ओकच्या सालीचे काम करतो आणि मुंबईच्या कातात बंगालच्या कातापेक्षा टॅनिन जास्त आहे, असे त्यांना आढळले. कात सालीचा नसतो, खैराच्या गाभ्याचा असतो, पण येथे महत्त्वाची आहे ती कृती. खैराचे तुकडे झाडाजवळच उकळून, पाणी आटवून घट्ट वडी करायची आणि ओझे रानातच टाकून फक्त सत्त्व बाजारात न्यायचे, ही युक्ती ज्यांच्या जमातीचे नावच कातावरून पडले त्या कातकऱ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. वाहतुकीचा हिशेब त्यांनी भट्टीतच सोडवला होता, आणि पुढच्या दोनशे वर्षांत टाकाऊतून रसायन काढणारे बहुतेक उद्योग याच हिशेबावर तरले किंवा बुडाले.

तुसाची गोष्ट त्याची साक्ष देते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान डोबेरायनर यांना फॉर्मिक आम्ल बनवताना बदामासारख्या वासाचा एक तेलकट पदार्थ थोडासा हाती लागला आणि 1832 मध्ये त्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. 1840 मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी दाखवून दिले की मका, ओट, कोंडा, लाकडाचा भुसा यांपैकी काहीही सौम्य गंधकाम्लाबरोबर ऊर्ध्वपातित केले, तरी तोच पदार्थ मिळतो. कोंड्याच्या लॅटिन नावावरून पुढे त्याला फरफ्युरल हे नाव पडले. कोंड्यातल्या आणि तुसातल्या झायलान या घटकाचे आम्लाने तुकडे होऊन झायलोज साखर सुटते आणि त्या साखरेच्या रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की फरफ्युरल उरते. कृती इतकी सोपी असूनही ती सुमारे ऐंशी वर्षे प्रयोगशाळेच्या बाहेर पडली नाही.

ती बाहेर पडली 1922 मध्ये, अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स येथे. तेथे क्वेकर ओट्स कंपनीच्या गिरणीत ओट सडल्यावर तुसाचे डोंगर उरत. त्याचे करायचे काय, हा रोजचाच प्रश्न होता, आणि वाफेची मोठी पात्रे कारखान्यात वापराविना पडून होती. त्या पात्रांतच तुसाचे फरफ्युरल होऊ लागले. कच्चा माल कोठून आणायचा, हा प्रश्नच नव्हता, कारण शेतकऱ्याने तो धान्याबरोबर आधीच दारात आणून टाकलेला असे. पुढे हेच द्रव्य वंगणतेल शुद्ध करायला, दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाईन वेगळे करायला आणि काही काळ नायलॉनचा कच्चा माल म्हणूनही वापरले गेले. खनिज तेलापासूनचा माल स्वस्त पडू लागल्यावर 1961 मध्ये नायलॉनचे काम थांबले. ओतशाळांत वाळूचे साचे बांधणारे फ्युरान रेझिन मात्र आजही फरफ्युरलपासूनच निघते आणि त्यासाठी चीनमध्ये मक्याची बुरकुंडे, तर दक्षिण आफ्रिकेत उसाचे बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा चोथा, वापरले जाते.

ढीगच नसेल तर काय होते, हे उत्तर अमेरिकेतल्या पॅसिफिक यू या झाडाने दाखवले. लाकूडतोडीत निरुपयोगी म्हणून जाळल्या जाणाऱ्या या झाडाची साल 1962 मध्ये तपासणीसाठी गोळा झाली आणि तिच्यातून कर्करोगावरचे टॅक्सॉल निघाले. पण सालीत ते इतके अल्प, की एका रुग्णासाठी अनेक झाडे सोलावी लागत आणि सोललेले झाड मरते. शेवटी युरोपीय यूच्या पानांतल्या एका संयुगापासून औषध बनवण्याची रीत सापडली. पाने तोडली तरी पुन्हा फुटतात.

महाराष्ट्रात बगॅस आणि पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरणारी वाळकी झाडे, ही या गोष्टीची दोन टोके आहेत. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या पावहिश्शाहून थोडे अधिक बगॅस साखर कारखान्याच्या आवारातच जमते, तेथेच बॉयलरमध्ये जळते, त्यावर वीजही होते, त्यामुळे त्याला कचरा म्हणणे आता धाडसाचे आहे. पऱ्हाटी मात्र एकेका शेतकऱ्याच्या वावरात विखुरलेली. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र विकसित केले, तिच्या जळणासाठीच्या कांड्या आणि गोळ्या बनवण्यावरही काम केले. अडचण तंत्राची नाहीच. वेचणी संपल्यावर चिमट्याने एकेक झाड उपटायचे, त्या पोकळ, काटक्यांच्या भाऱ्याने गाडी दिसायला भरते पण वजन भरत नाही, आणि ती नेण्याचे भाडे मालाच्या किमतीला गिळते.

त्यातच गुलाबी बोंडअळीने नवा पेच घातला आहे. अळी आणि तिचे कोष उरलेल्या बोंडांत दडून राहतात, म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटीची विल्हेवाट लावा, धुऱ्यावर किंवा गोठ्याजवळ रचून ठेवू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. कारखान्याला मात्र माल वर्षभर हवा, म्हणजे कोठेतरी ढीग हवाच. वावरातच यंत्राने भुगा करून तो भरून न्यायचा, हा मार्ग दोन्ही बाजू सांभाळतो, कारण भुग्यात अळीला आसरा उरत नाही आणि गाडीत मालही जास्त मावतो.