ऑक्सिजन नव्व्याण्णव, तरी जीव घाबरा

मे महिन्यातली दुपार. नागपुरात मानेवाड्याला बहिणीकडे पोचलो तेव्हा भाचा दिवाणावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. कूलर त्याच्याच तोंडावर सोडलेला, तरी शर्ट घामाने चिंब. अभ्यासिकेत बसल्या बसल्या छातीत धडधडायला लागलं, म्हणून कसाबसा गाडी चालवत घरी आला होता. मला पाहून त्याने उजवा हात पुढे केला.

"मामा, माह्या हाताले काय होऊन राहिलं पाहा ना."

हात पाहिला आणि खरं सांगतो, मीही चरकलो. मनगट आत वळलेलं, चारही बोटं ताठ आणि एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळव्यात दुमडलेला. कासार बांगडी चढवताना बाईचा हात कसा आवळून धरतो, अगदी तसा. फरक इतकाच की हा हात कोणीही धरलेला नव्हता. ओठांभोवती मुंग्या, डोकं हलकं, आणि तोंडात एकच वाक्य : श्वास पुरत नाही.

शेजारच्या काकूंनी दारातूनच निकाल दिला, "बाहेरचं दिसते हे. हात तर पाहा कसा झाला!" आम्ही दवाखान्यात नेलं. ईसीजी निघाला, शुगर झाली, डाव्या हाताच्या बोटाला कोरोनापासून घरोघरी पोचलेलं ते छोटं यंत्र लागलं. ऑक्सिजन ९९. "काही नाही, टेन्शन घेतो पोरगा," असं म्हणून गॅसची गोळी हातात ठेवली आणि आम्हाला वाटेला लावलं.

काकूंचं "बाहेरचं" आणि दवाखान्याचं "काही नाही" या दोन्हींचा मला सारखाच राग आला. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलंय. त्या हातात जे चाललं होतं ते "काही नाही" तर नव्हतंच, शुद्ध रसायनशास्त्र होतं. पॅनिक अटॅकमागचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यामागचं, तेच रसायन सांगायला हा लेख लिहितोय. मनाचे बाकीचे विकार ओघाने येतीलच.

आधी एक गैरसमज काढू. श्वास पुरत नाही असं वाटणाऱ्या माणसाला बहुतेक लोक सांगतात, "जोरजोरात श्वास घे." भाचा तेच करत होता आणि तिथेच घोटाळा झाला होता. त्याच्याकडे ऑक्सिजनची कमतरता नव्हती, कार्बन डायऑक्साइडची होती. शाळेत आपण या वायूला टाकाऊ म्हणून शिकवतो. (मीही शिकवला, कबूल.) पण रक्तातली आम्लता सांभाळायचं मोठं काम हाच वायू करतो. पाण्यात विरघळला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, आणि ते आम्ल फुटून हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट मिळतात. ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. बारावीतलं ल शातेलिएचं तत्त्व आठवा : एका बाजूचा माल काढून घेतला की समतोल त्याच बाजूला सरकतो. भराभर श्वास सोडून तुम्ही कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकता, मग रक्तातले हायड्रोजन आयन बायकार्बोनेटशी जुळून त्याची भरपाई करायला धावतात. आम्ल घटतं आणि रक्त अल्कधर्मी होतं.

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. तो ७.४ वरून ७.६ ला गेला तर ऐकायला फरक ०.२ चा. पण पीएच ही लॉगॅरिदमची मोजपट्टी आहे. ७.४ ला लिटरमागे ४० नॅनोमोल हायड्रोजन आयन असतात, ७.६ ला २५ उरतात. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त गायब, आणि तेही काही मिनिटांत. (लॉगॅरिदमला पूर्ण वर्ग जांभया देतो याची मला सवय आहे. पुढे चला.)

आता बोटं वाकडी का झाली? रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम मोकळं फिरत असतं. साधारण ४० टक्के प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. अल्ब्युमिनच्या अंगावर ऋण भाराच्या जागा असतात आणि त्यातल्या बऱ्याच हायड्रोजन आयनांनी अडवलेल्या असतात. रक्त अल्कधर्मी झालं की हायड्रोजन आयन त्या जागा सोडून जातात. सुटीच्या दिवशी लालपरीत एक प्रवासी उठला की दुसरा रुमाल टाकतोच, तसं मोकळं कॅल्शियम लगेच तिथे जाऊन बसतं. एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, मोकळं मात्र कमी होतं. नेहमीची 'सीरम कॅल्शियम' तपासणी एकूण आकडा मोजते. म्हणून रिपोर्टमध्ये सगळं नॉर्मल आणि हात मात्र वाकडा, असा प्रकार होतो.

मोकळं कॅल्शियम चेतातंतूंच्या दारावर रखवालदारासारखं असतं. सोडियमला आत शिरायच्या वाटा ते आवरून धरतं. रखवालदार कमी झाला की चेतातंतू बारीकशा कारणानेही पेटतात. आधी मुंग्या येतात, मग स्नायू आकसतात. अशा हाताला वैद्यकात फ्रेंच डॉक्टर आर्मां त्रूसो यांचं नाव आहे. कॅल्शियम कमी असलेल्या माणसाच्या दंडाला बीपीचा पट्टा आवळून ठेवला की हात असाच वळतो, हे त्यांनी १८६१ साली नोंदवलं.

डोकं हलकं का झालं त्याचीही गोष्ट आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइडच्या इशाऱ्यावर रुंद-अरुंद होतात. धमनीतल्या रक्तात या वायूचा दाब एरवी ४० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. तो दर मिमीने घटला की मेंदूकडे जाणारं रक्त साधारण ३ टक्क्यांनी घटतं. त्यात आणखी भर : कार्बन डायऑक्साइड कमी झाला की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून बसतं, पेशींना सहज सोडत नाही. हा परिणाम १९०४ साली क्रिस्तियान बोर यांनी दाखवला. अणूच्या रचनेवाल्या नील्स बोर यांचे हे वडील. बोटावरचं यंत्र हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती बसलाय ते दाखवतं, तो उतरून मेंदूत किती पोचला ते दाखवत नाही. आकडा ९९ आणि जीव घाबरा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं ते यामुळे.

ही झाली रसायनाची बाजू. पण श्वास मुळात वाढला कशाने? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं एक चक्र मांडलं. शरीरात काहीतरी किरकोळ जाणवतं, समजा छातीत एक ठोका चुकला. माणूस त्याचा अर्थ लावतो : हार्ट अटॅक! घाबरला की अॅड्रेनलिन वाढतं, श्वास वाढतो, कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर आणि मुंग्या येतात. मग "बघा, खरंच मरतोय" याला पुरावाच मिळतो. चक्र एक वेढा घट्ट होतं. भीतीने लक्षणं येतात आणि लक्षणांनी भीती वाढते. यात नाटक कुठेच नाही.

अटॅक काही मिनिटांत शिखर गाठतो आणि मग आपला आपणच ओसरतो. मांत्रिकाचं दुकान चालतं ते या ओसरण्यावर. दहाव्या मिनिटाला लिंबू उतरवलं की श्रेय लिंबाला. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, पण लिंबाचं श्रेय कोणत्या कलमाने काढून घेणार?

तरी "मुंग्या आल्या, हात वळला, म्हणजे पॅनिक" एवढ्यावर निदान होत नाही, आणि होऊही नये. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हानेही श्वास वाढतो आणि हाच हात दिसतो. थायरॉइड जास्त असेल, हृदयाची लय बिघडली असेल, साखर उतरली असेल, दमा असेल, तर धडधड आणि घाबरेपणा तसाच येतो. म्हणून पहिल्यांदा छातीत दुखलं तर दवाखान्यातच जायचं, घरी बसून कागदी पिशवीत श्वास घ्यायचा नाही. सिनेमात दाखवतात तो पिशवीचा उपाय आता सुचवत नाहीत, कारण दुखणं खरंच हृदयाचं किंवा दम्याचं निघालं तर पिशवीतली हवा जीवावर बेतू शकते. शिवाय पॅनिक अटॅक वेगळा आणि पॅनिकचा विकार वेगळा. एखादा अटॅक कोणालाही येऊ शकतो. अटॅक पुन्हा पुन्हा, कारण नसताना येतात आणि निदान महिनाभर माणूस "परत आला तर?" या धाकात राहतो किंवा वागणं बदलतो, तेव्हा त्याला विकार म्हणतात. भाच्याने अभ्यासिकेत जाणं सोडलं होतं. मला विचाराल तर वाकड्या बोटांपेक्षा ही खूण मोठी होती. आम्ही मात्र सगळे बोटंच पाहत बसलो.

दरम्यान भाचीने फोनवर सात प्रश्नांची चाचणी भरून घेतली आणि जाहीर केलं, "मामा, मलाही अँक्झायटी डिसऑर्डर आहे." हे सात प्रश्न बोगस नाहीत. जीएडी-७ नावाची ही चाचणी २००६ साली आली. दहा किंवा जास्त गुण मिळाले तर चिंतेचा विकार असलेल्या १०० पैकी ८९ जणांना ती पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ८२ जणांना बरोबर सोडते. उत्तमच म्हणायची. पण आता हिशोब करा. समजा हजार लोकांनी ती भरली आणि त्यातल्या तिसांना खरंच विकार आहे. तिसातले २७ सापडतील. उरलेल्या ९७० तले १८ टक्के, म्हणजे १७५ जण, उगाचच अडकतील. चाळणीत राहिलेल्या २०२ जणांत खरे २७, म्हणजे सातात एकसुद्धा नाही. चाळणीवर काय राहिलं ते बाईंनी निवडायचं असतं, चाळणी निवडत नाही. त्या २०२ जणांशी कोणीतरी समोर बसून बोलायला हवं. सहा महिने झाले का, झोप कशी, काम अडतं का, हे विचारायला हवं.

खाण्याच्या विकारांत मात्र माझं रसायनशास्त्र पुन्हा कामाला येतं. भरमसाट खायचं आणि मग ओकून काढायचं, या बुलिमियाचं पहिलं नीट वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. बोटं घशात घालताना दात घासून सांध्यांवर घट्टे पडतात, ती खूण त्यांच्याच नावाने ओळखतात. अशा माणसाचं वजन बहुतेकदा ठीक असतं, लाळग्रंथी सुजून गाल उलट भरलेले दिसतात, आणि घरचे म्हणतात, "तब्येत सुधारली की पोरीची!" खरा बोभाटा करतात ते दात. दातावरचं एनॅमल साधारण पीएच ५.५ च्या खाली विरघळायला लागतं आणि पोटातलं आम्ल त्याहून कितीतरी जहाल असतं. लिंबूसरबत किंवा कोल्ड्रिंकने दात झिजले तर ते बहुधा पुढूनही झिजतात. ओकारीचं आम्ल आतून येतं, म्हणून वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू गुळगुळीत होते. मनोविकाराचा पहिला पुरावा दंतवैद्याच्या आरशात दिसतो, तो असा. आणि पोटातलं आम्ल सारखं बाहेर पडलं की रक्त इथेही अल्कधर्मी होतं, पण या वेळी पोटॅशियमही घसरतं. ते घसरलं की हृदयाची लय बिघडू शकते. हे प्रकरण दहा मिनिटांत ओसरणारं नाही.

एक गोष्ट निदानाच्या परदेशी यादीत बसत नाही. उपासमार करून घेणारी मुलगी तिकडच्या वर्णनात "मी जाड आहे" म्हणते. भारतातल्या आणि हाँगकाँगमधल्या डॉक्टरांना अशा मुली भेटल्या की ज्या जाडीचं नावही काढत नाहीत. पोट फुगतं, जेवण जात नाही, एवढंच सांगतात. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असा आडोसा तयारच असतो. एका उपासाला दुसरा जोडला तर घरात कौतुकच होतं.

व्यक्तिमत्त्वाच्या विकारांशी आलो की परीक्षानळी खाली ठेवावी लागते. इथे दात नाहीत, आयन नाहीत, फक्त काळ आहे. मनोविकारांच्या अमेरिकी यादीत, डीएसएम-५ मध्ये, बॉर्डरलाइनसाठी (भावना आणि नाती सतत हेलकावे खातात, त्या विकारासाठी) नऊ निकष आहेत आणि त्यातले कोणतेही पाच पुरतात. मी हिशोब करून पाहिला : पाच किंवा जास्त निवडायचे २५६ प्रकार होतात. एकच नाव लागलेल्या दोन माणसांत फक्त एक लक्षण सारखं असू शकतं! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीने व्यक्तिमत्त्वाच्या विकारांच्या बहुतेक पेट्या मोडूनच टाकल्या. आता आधी सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवायचं, आणि त्रास दोनेक वर्षं तरी टिकून आहे ना ते पाहायचं. बॉर्डरलाइनचा नमुना तेवढा जोडपट्टी म्हणून शिल्लक ठेवला. ब्रेकअपनंतरच्या तिसऱ्या दिवशी रील पाहून स्वतःला किंवा त्या दुसऱ्याला हे नाव चिकटवणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं.

भाच्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं म्हटल्यावर बहीण गप्प झाली. "लोक म्हणतील पागलखान्यात नेलं." चूक तिची नाही. प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आपले ऑटोवाले आजही पागलखाना चौकच म्हणतात. मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत या आजारांचे डॉक्टर बसतात, आणि १४४१६ वर टेलि-मानसची फुकट सेवा फोनवर मिळते. शेवटी बहीण एका खासगी डॉक्टरीणबाईंकडे तयार झाली, तेही संध्याकाळी सातनंतर.

त्यांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली होती, ईसीजी परत पाहिला होता. मग पाऊण तास नुसत्या बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "आता माझ्यासमोर जोरात श्वास घ्यायचा. मी सांगेन तेव्हा थांबायचं." भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या घड्याळात बघत होत्या. मिनिट उलटून गेलं तसा तो बोटांकडे बघायला लागला, अंगठा हळूहळू तळव्यात ओढला जात होता.

"थांब. हेच होतं का?"

"हेच," तो म्हणाला. हात तसाच धरून, घाबरायचं विसरून, तो बोटांकडे बघत राहिला. "मॅडम, हे तर मीच केलं ना आता?"