हार्ट अटॅक आणि हृद्‌रोहिणीतील ब्लॉकेज

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी रोहिणी (कोरोनरी आर्टरी) रक्ताच्या गुठळीने अचानक बंद पडते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मरू लागतो, तेव्हा त्याला हृदयविकाराचा झटका म्हणतात. खानदेशात बोलण्यात ‘अटॅक आला’ एवढेच येते. हृदयाचे ठोकेच थांबणे (कार्डिॲक अरेस्ट) हेही त्याच शब्दात खपते. पण ती वेगळी घटना आहे, अटॅकमधून ती घडू शकते इतकेच.

महारोहिणीच्या (एओर्टाच्या) मुळाशी डावी आणि उजवी अशा दोन हृद्‌रोहिण्या फुटतात. डावीच्या पुढे दोन मोठ्या शाखा होतात. मुख्य रोहिण्यांचा व्यास जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर असतो.

या आजाराचे लोकांच्या मनातले चित्र ठिबकच्या नळीचे असते, आणि केळीच्या पट्ट्यात ते साहजिकही आहे. रावेर-यावलच्या शेतकऱ्याने क्षार साचून ड्रिपर बंद पडलेले पाहिलेले असतात: थेंब कमी होत जातो, मग थांबतो. रक्तवाहिनीतही चरबीचा असाच थर चढत जाऊन एक दिवस ती तुंबते, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. दम लागण्याचा, चढावर छाती भरून येण्याचा आजार (अंजायना) बराचसा या रीतीने होतो. अचानक येणारा अटॅक मात्र बहुधा तसा येत नाही.

चरबी नळीच्या आत नव्हे, नळीच्या भिंतीत साठते. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण आतल्या अस्तराखाली शिरतात. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी फुगून तिथेच मरतात. मधोमध मऊ लगदा आणि वर तंतूंचे झाकण अशी गाठ (प्लाक) तयार होते. सुरुवातीला भिंत बाहेरच्या बाजूला फुगते, त्यामुळे रक्ताची वाट मोकळीच राहते. अँजिओग्राफीत (रोहिणीत रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रे चित्रात) वाटच दिसते, भिंत दिसत नाही. झाकण जाड असेल तर अशी गाठ वर्षानुवर्षे गप्प बसते. आत दाह चालू राहिला की ते झिजते. धोकादायक गाठीचे झाकण ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ, म्हणजे साधारण केसापेक्षाही बारीक भरते. रक्तदाब चढला, ताण आला किंवा पहाटेच्या वेळी शरीरातले संप्रेरक उसळले, की ते फाटते. लगद्याला रक्त लागताच शरीराला ती जखम वाटते, बिंबिका (प्लेटलेट) तिथे चिकटतात आणि काही मिनिटांत गुठळी धरते. बोट कापल्यावर जे रक्त थांबवते, तेच इथे जिवावर उठते. काहींत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, गाठ न फुटता वरचे अस्तर नुसते खरवडले गेले तरी गुठळी होते.

म्हणून ‘तीसच टक्के ब्लॉकेज आहे, काळजी नाही’ हे वाक्य जपून घ्यावे. श्रमाने त्रास होण्यासाठी वाट साधारण ७० टक्के अरुंद व्हावी लागते. त्याहून कमी असेल तर ट्रेडमिल चाचणी सहज नॉर्मल येते. बरेचसे अटॅक अशा न दुखणाऱ्या जागीच होतात, कारण मोठ्या गाठीपेक्षा छोट्या गाठी संख्येने कितीतरी जास्त असतात. शिवाय वाट हळूहळू अरुंद होत गेली तर आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावून स्नायूला सांभाळतात. एका क्षणात बंद झालेल्या रोहिणीमागे ही सोय नसते.

रक्त तुटल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायू कायमचा मरू लागतो. सहा तासांत त्या भागातला बहुतेक गेलेला असतो. पहिल्या तासातले मृत्यू मात्र बहुतांशी हृदय चालवणाऱ्या विजेच्या संकेतांच्या गोंधळाने होतात: खालचा कप्पा आकुंचन पावायचा सोडून नुसता थरथरतो आणि माणूस बोलता बोलता कोसळतो. तेव्हा छातीवर दाब देणे आणि विजेचा झटका, हेच उपयोगी पडते.

खानदेशात निदान चुकण्याचे एक घरगुती कारण आहे. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते. काट्यांवर भाजलेली वांगी, बडगीत कुटलेली हिरवी मिरची, वर तेलाची धार, सोबत कळण्याची पुरी. रात्री छातीत जळजळले की ‘काही नही, गॅस शे’ म्हणून सोडा किंवा ओवा घेतला जातो. भरपेट जेवणानंतर हृदयावर भार वाढतोच, त्यामुळे खरी कळही नेमकी तेव्हाच उठू शकते. जबड्यात किंवा डाव्या हातात जाणारी कळ, थंड घाम, मळमळ हे पित्त समजू नये. मधुमेहींत कळ अजिबात नसते असेही घडते. जळगाव-भुसावळचा मे महिना वेगळाच. पारा ४५ अंशांपुढे गेला की घामाने रक्त दाटते आणि हृदयाला जास्त धावावे लागते.

ईसीजी दहा मिनिटांत व्हावा. पहिला नॉर्मल आला तरी पुन्हा काढतात, आणि रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन) वाढायला काही तास लागतात. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला देतात. पुढचा मार्ग अंतरावर ठरतो. जळगाव किंवा धुळ्यात कॅथलॅबपर्यंत (जिथे रोहिणीत नळी घालून उपचार होतात) वेळेत पोचलेल्याची अँजिओप्लास्टी होते, म्हणजे बारीक फुग्याने बंद रोहिणी उघडतात. ही पद्धत १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी प्रथम वापरली. धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यातून घाट उतरून नंदुरबार आणि तिथून पुष्कळदा सुरत गाठावी लागते. तिथल्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात आधी देणे अधिक शहाणपणाचे. ते १२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले. १०८ ची गाडी २०१४ पासून राज्यात आहे, तरी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये रुग्णाला बसवून आणणे अजून दिसते.

अँजिओप्लास्टीत बसवलेला स्टेंट (जाळीची बारीक नळी) फुटलेल्या गाठीची तेवढी एक जागा उघडी ठेवतो. बाकीच्या गाठी भिंतीत तशाच असतात. स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) गोळ्यांनी त्यांतली चरबी घटते आणि झाकण जाड होते. ‘नळी मोकळी झाली’ म्हणून सहा महिन्यांत गोळ्या सोडणारे रुग्ण पुन्हा येतात, आणि पुष्कळदा बंद पडलेली रोहिणी दुसरीच निघते.